‘कितीही बिंदू समान अंतरावर मांडता येतात’? नाही, येत नाहीत

नववीतल्या भाचीने तो मजकूर खरा मानून वहीत उतरवला, आणि आता तोच शेतकऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरतोय. म्हणणं असं: ‘नीट मांडणी केली तर कितीही बिंदू एकमेकांपासून सारख्याच अंतरावर बसतात. चौरस, वर्तुळ, चेंडू बघा. षट्कोनी बागेत प्रत्येक झाड प्रत्येक झाडापासून समान अंतरावर असतं. वरच्या मितींत तर हे सिद्धच झालंय.’

कंपास घ्या. कागदावर अ आणि ब हे बिंदू ६ सेंमी अंतरावर मांडा. दोघांपासून ६ सेंमीवर असलेला बिंदू अ भोवतीच्या ६ सेंमी त्रिज्येच्या वर्तुळावर हवा आणि ब भोवतीच्या तशाच वर्तुळावरही हवा. प्राचीन ग्रीक गणिती युक्लिड याच्या भूमितीच्या ग्रंथातल्या पहिल्या पुस्तकातली पहिलीच रचना ही. वर्तुळं दोनच ठिकाणी छेदतात, अब रेषेच्या एक वर, एक खाली. वरचा घेतला की समभुज त्रिकोण झाला. चौथ्यासाठी उरतो फक्त खालचा, आणि त्या दोघांत अंतर भरतं सुमारे १०.४ सेंमी. म्हणजे सपाट कागदावर तीन. चौथा नाहीच.

चौरसाचा दाखला देणारा कर्ण मोजायलाच विसरला: बाजू १० सेंमी असेल तर कर्ण १४.१४. वर्तुळाचं तेच. घड्याळात १२ पासून १ आणि १२ पासून ६ सारखेच लांब आहेत का? शेजाऱ्या-शेजाऱ्यांतलं अंतर सारखं असणं वेगळं आणि प्रत्येकाचं प्रत्येकाशी सारखं असणं वेगळं. सगळा मजकूर या एका घोळावर उभा आहे.

चेंडूवर चार बिंदू जमतात, पाच नाही. वरच्याच त्रिकोणाच्या मध्याच्या बरोबर वर ४.९ सेंमीवर चौथा बसतो. मिथेनच्या रेणूत चार हायड्रोजन असेच असतात. पाचव्याला जागा फक्त खाली तितक्याच खोलीवर, आणि चौथ्यापासून तो ९.८ सेंमी लांब.

वरच्या मितींचं (कागदाला लांबी-रुंदी अशा दोन मिती, चेंडूला उंची धरून तीन, त्यापुढच्या गणितातल्या) म्हणणं अर्धं खरं आहे, तेवढं मान्य. चार मितींत पाच बिंदू, पाचांत सहा. दर मितीला एकच वाढतो. पण मिती ठरली की संख्याही ठरली, ‘कितीही’ तिथेही नाही.

खरं नुकसान बागेच्या मुद्द्यात आहे. षट्कोनी लागवडीत प्रत्येक झाडाला सहा शेजारी सारख्या अंतरावर असतात, बस. झाडं ५ मीटरवर असतील तर त्यापुढची सहा ८.६६ मीटरवर. ‘सगळीकडे सारखं अंतर’ हे खरं मानून लोक ओळीतही ५ मीटर आणि दोन ओळींतही ५ मीटर ठेवतात आणि एकाआड एक ओळ अर्ध्या अंतराने सरकवतात. मग तिरप्या शेजाऱ्याचं अंतर ५.५९ मीटर होतं आणि एकरी झाडं चौरस पद्धतीइतकीच, सुमारे १६१. ओळींतलं अंतर ५ च्या ०.८६६ पट, म्हणजे ४.३३ मीटर ठेवलं तर साधारण १८६ बसतात, जवळपास १५ टक्के जास्त. षट्कोनी पद्धत करायची ती याचसाठी.

आखणी युक्लिडचीच. बांधालगतच्या पहिल्या ओळीत दर ५ मीटरवर खुंट्या ठोका. शेजारच्या दोन खुंट्यांना ५-५ मीटरच्या दोन तारा अडकवून ताणा. जिथे टोकं जुळतात तिथे दुसऱ्या ओळीची खुंटी. नायलॉनची दोरी नको, ती ताणली जाते. पुढची प्रत्येक ओळ फक्त आधीच्या ओळीवरून काढत गेलात तर चूक साठत जाते, म्हणून दर चार ओळींनी पहिल्या ओळीपासून काटकोनात टेप धरून बघा: पाचवी ओळ १७.३२ मीटरवर यायला हवी. नसेल तर खड्डे घेण्याआधीच खुंट्या हलवा.