इंजिन हाफ सेल्फला लागलं, म्हणून बोट मालवणला पोचत नाही

पाऊस सरला, समुद्र निवळला की जेटीवर आणि बोटवाल्यांच्या ग्रुपवर दरवर्षी तोच सल्ला फिरू लागतो. जुनी फायबर बोट घेतलीत? इंजिन हाफ सेल्फला लागतं ना? मग ऑइल बदला, नवी बॅटरी टाका, टाकी काठोकाठ भरा आणि निघा. तळ फायबरचा, सडायची भीती नाही. बोटीच्या तळाशी साचलेलं पाणी उपसणारा बिल्जपंप आपोआप चालतो. किनारा कायम डाव्या हाताला दिसत राहतो आणि नकाशा मोबाइलवर आहेच.

यातल्या प्रत्येक वाक्यात थोडं खरं आहे, म्हणूनच हा सल्ला धोक्याचा आहे. मांडवा ते मालवण सुमारे 170 सागरी मैल. आठ नॉटने (तासाला आठ सागरी मैल) गेलात तरी इंजिन एकवीस-बावीस तास चालतं. खाडीत अर्ध्या-पाऊण तासाच्या फेऱ्या मारलेल्या बोटीने एवढा भार कधी पाहिलेलाच नसतो. इथे आपण इनबोर्ड, म्हणजे बोटीच्या आत बसवलेल्या डिझेल इंजिनाच्या, तीसेक फुटी बोटीबद्दल बोलतो आहोत.

"हाफ सेल्फला लागतं, म्हणजे इंजिन ठणठणीत"

पटकन लागलं यावरून एवढंच कळतं, की कॉम्प्रेशन बरं आहे, बॅटरीत जीव आहे आणि त्या घडीला डिझेल पोचतंय. इंजिन थंड राहील की नाही, हे त्यातून कळत नाही. जुन्या बोटी लांबच्या फेरीत बंद पडतात त्या बहुधा दोन कारणांनी: खाऱ्या पाण्याचा मार्ग आणि डिझेलची टाकी.

इंजिन थंड ठेवणारं खारं पाणी सीकॉकमधून, म्हणजे तळातल्या व्हॉल्व्हमधून आत येतं, गाळणीतून पंपात जातं, तिथून इंजिनाची उष्णता ओढून घेणाऱ्या हीट एक्स्चेंजरमध्ये आणि शेवटी एक्झॉस्ट एल्बो या वाकड्या नळीतून धुरासोबत बाहेर पडतं. पंपातला रबरी इम्पेलर, म्हणजे पाणी ढकलणारं पात्यांचं चाक, हा या साखळीचा कच्चा दुवा. बोट वर्षभर उभी राहिली की त्याच्या पात्या वाकलेल्याच राहून कडक होतात. तेव्हा आधी सीकॉक बंद करा, पंपाच्या झाकणाचे स्क्रू काढा, इम्पेलर ओढून बाहेर घ्या आणि पात्या मोजा. एखादी तुटलेली असेल तर नवा बसवून मोकळं होऊ नका. तुकडा पुढे गेलेला असतो, आणि हीट एक्स्चेंजरच्या किंवा ऑइल कूलरच्या तोंडाशी अडकून बसतो. तो सापडेपर्यंत पाइप उघडत जायचं. सापडला नाही, तर तीन तास भारावर चालल्यावर तापमानाचा काटा त्याची आठवण करून देतो, तीही भर समुद्रात.

नवा इम्पेलर बसवताना ग्लिसरीन किंवा भांडी घासायचा लिक्विड साबण लावा. ग्रीस लावू नका, त्याने रबर फुगतं. झाकणाच्या आतल्या बाजूवरून नख फिरवा. नख चरीत अडकलं तर पंप पाणी नीट ओढणार नाही, झाकण बदला. कागदी गॅस्केट जुनंच परत लावू नका. मग सीकॉक उघडून इंजिन सुरू करा आणि मागे जाऊन पाहा. अर्ध्या मिनिटात एक्झॉस्टमधून पाणी आलं नाही तर लगेच बंद करा, कारण कोरडा इम्पेलर मिनिट-दोन मिनिटांत जळतो. हीट एक्स्चेंजरला झिंकची पेन्सिल (ती स्वतः झिजून बाकीचा धातू वाचवते) असेल तर तीही काढून बघा. निम्मी झिजली की नवी लावायची.

एक्झॉस्ट एल्बोकडे तर कुणी बघतच नाही. बिडाचा एल्बो आतून कुजतो, बाहेरून रंग छान असतो. रबरी होज काढा, आत टॉर्च मारा आणि स्क्रूड्रायव्हरने टोचा. पापुद्रे निघाले, तोंड कार्बनने निम्मं बुजलेलं दिसलं, किंवा बाहेरच्या जोडाशी गंजाचा ओघळ असला, तर नवा एल्बो आणा. तो आतून फुटला तर खारं पाणी उलट सिलिंडरमध्ये जातं. मग खर्च एल्बोचा राहत नाही, इंजिनाचा होतो.

यानंतर भाराची चाचणी. मांडव्याहून रेवदंड्यापर्यंत जाऊन या: पूर्ण माणसं, पूर्ण सामान, आणि पूर्ण वेगाच्या तीन-चतुर्थांश आरपीएमवर किमान दोन तास सलग. शेवटी पाच मिनिटं थ्रॉटल पूर्ण द्या. इंजिनाने पाटीवरचा पूर्ण आरपीएम गाठला पाहिजे. दोन-तीनशे कमी पडत असेल आणि काळा धूर येत असेल, तर तळाला कालवं-शिंपल्या चिकटल्यात, पंख्याच्या पात्यांचा तिरपेपणा (पिच) जास्त आहे किंवा इंजिनाला हवा कमी पडते आहे. कमी वेगाला तापमान ठीक आणि जास्त वेगाला चढतं, याचा अर्थ पाण्याचा मार्ग कुठेतरी अर्धवट बुजलाय. परत आल्यावर इंजिनाची आणि गेअरबॉक्सची डिपस्टिक काढा. तेल दुधाळ दिसलं तर लांबची फेरी तूर्त विसरा.

"टाकी काठोकाठ भरा"

भरलेल्या टाकीत दमटपणा कमी साठतो हे खरं. पण टाकी आधी साफ हवी. डिझेल भरायच्या टोपीचं रबर कडक झालं की कोकणातला चार महिन्यांचा पाऊस थेंब थेंब करून टाकीत उतरतो. पाणी तळाशी बसतं, आणि पाणी-डिझेलच्या मधल्या थरात काळा, चिकट, शेवाळासारखा गाळ तयार होतो. बोट खाडीत उभी असते तोवर तो तळाशी गप्प पडून राहतो. बाहेर पहिल्या लाटा लागल्या की घुसळण होते, गाळ फिल्टरमध्ये येतो आणि इंजिन गचके खात मरतं. अशा टाकीत तीनशे लिटर नवं डिझेल ओतलंत तर तेही नासलं.

म्हणून आधी तपासणीचं झाकण उघडा. झाकण नसेल तर इंधनाच्या काट्याचा सेन्सर काढला की भोक मिळतं. त्यातून एक कडक नळी सर्वांत खोल कोपऱ्यापर्यंत घाला आणि हातपंपाने दहा-पंधरा लिटर ओढा. त्यातलं लिटरभर काचेच्या बाटलीत रात्रभर ठेवा. सकाळी खाली पाण्याचा थर किंवा काळे कण दिसले, तर टाकी रिकामी करून आतून पुसून घ्यायची. बाटलीतली रसायनं ओतून पाणी नाहीसं होत नाही. टोपीचं रबर आणि हवेच्या नळीची जाळीही त्याच दिवशी बदला.

फिल्टर दोन टप्प्यांचे हवेत. पहिला पाणी वेगळं करणारा, 10 किंवा 30 मायक्रॉनचा. दुसरा इंजिनावरचा बारीक. पहिल्याचे चार आणि दुसऱ्याचे दोन सुटे बोटीवर ठेवा. आणि फिल्टर बदलून एअर काढायची सवय जेटीला बांधलेल्या बोटीतच करा. एअरचा स्क्रू सैल करायचा, हातपंप मारायचा, बुडबुडे थांबले की आवळायचा. एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा: एअर काढताना सेल्फ पुन्हा पुन्हा मारावा लागला तर खाऱ्या पाण्याचा सीकॉक बंद ठेवा. नाहीतर इंजिन न लागताच पंप पाणी ढकलत राहतो, मफलर भरतो आणि ते पाणी सिलिंडरमध्ये चढतं. इंजिन लागल्याबरोबर सीकॉक उघडायचा. विसरू नये म्हणून चावीलाच चिठ्ठी बांधा.

किती डिझेल लागेल, याचा अंदाज चाचणीतच काढा. खुणेपर्यंत भरा, दोन तास चालवा, पुन्हा खुणेपर्यंत भरा. तासाला वीस लिटर लागलं असं धरू. मांडवा ते दाभोळ सुमारे 75 मैल म्हणजे आठ नॉटने साडेनऊ तास, 190 लिटर. त्यावर निम्मं राखीव, म्हणजे 285 लिटर घेऊन निघायचं. हे उगाच नाही. हिवाळ्यात दुपारी वायव्येचा वारा उठतो. दक्षिणेला जाताना तो पाठीशी असतो, येताना तोंडावर, आणि त्याच अंतराला डिझेल जास्त जातं.

"फायबर सडत नाही"

फायबर सडत नाही, त्यातलं लाकूड सडतं. मागच्या उभ्या भिंतीच्या (ट्रान्समच्या) आत, इंजिनाखालच्या बेडमध्ये आणि डेकच्या थरात बहुतेक जुन्या बोटींना प्लायवूड किंवा बाल्सा असतं. प्लास्टिकच्या हातोडीने ठोकत जा. टणक आवाज चांगला, बद्द आवाज वाईट. इंजिनाच्या पायांभोवती आणि स्क्रूंच्या भोकांभोवती जास्त वेळ द्या.

बोट वर ओढली असतानाच सीकॉक बघा. घरातल्या नळासारखे पितळी व्हॉल्व्ह बसवलेले सापडले तर काढून टाका. खाऱ्या पाण्यात पितळातलं जस्त निघून जातं, उरतो तो गुलाबीसर, ठिसूळ धातू, आणि हँडल फिरवताना तो हातात येतो. ब्राँझचे किंवा समुद्रासाठीचे प्लास्टिकचे घ्या. प्रत्येक होजला दोन क्लिप, आणि प्रत्येक सीकॉकला त्याच मापाचं लाकडी बूच दोरीने बांधलेलं.

पंख्याचा शाफ्ट तळातून बाहेर जातो तिथल्या ग्लँडमधून चालताना मिनिटाला दोन-तीन थेंब पडणं ठीक. ग्लँड हाताला चटका देत असेल तर पॅकिंग जास्त आवळलंय, ते शाफ्टला चर पाडतं. तळाच्या झिंकवर रंग लावू नका, रंगाखाली ते काम करत नाही.

"बिल्जपंप आहे की"

हिशेब करू. पाण्याखाली दोन फुटांवर दीड इंचाचा होज निसटला, तर मिनिटाला साधारण 140 लिटर पाणी आत येतं. पंपाच्या खोक्यावर तासाला 7,500 लिटर लिहिलेलं असतं, म्हणजे मिनिटाला 125. पण ते सपाटीवर, पूर्ण व्होल्टेजला. पाणी तीन-चार फूट वर चढवताना आणि वळणावळणाच्या नळीतून ढकलताना हातात जवळपास निम्मं येतं. म्हणजे पंप चालू असतानाही बोट भरत जाते. पंप गळतीसाठी आहे, भोकासाठी बूच. पहिल्या पंपापेक्षा वरच्या पातळीवर दुसरा पंप आणि त्याला भोंगा लावा, म्हणजे पाणी वाढतंय हे गुडघा भिजायच्या आत कळेल. एक हातपंपही हवा. तपासायचं कसं? बिल्जमध्ये पाच बादल्या पाणी ओता आणि फ्लोट स्विच उचलतो का ते डोळ्यांनी बघा.

नव्या बॅटरीचं थोडक्यात. सेल्फची आणि दिव्या-पंपांची बॅटरी वेगळी ठेवा. टेप गुंडाळलेले पीळ दिलेले जोड सगळे कापून नवे करा. सेल्फ मारताना सेल्फच्या टोकाशी मीटर दहा व्होल्टखाली गेला, पण बॅटरीच्या टोकांवर ठीक राहिला, तर दोष बहुधा केबलच्या टोकात असतो, बॅटरीत नाही.

"किनारा दिसतोच, मोबाइल आहेच"

किनारा दिसतो, पण त्याच्या जवळचे खडप भरतीला दिसत नाहीत. मालवणच्या तोंडाशी ते भरपूर आहेत, तिथे पहिल्यांदा शिरताना स्थानिक तांडेल सोबत घ्या. उत्तरेला, मांडव्यापासून मुरुडपर्यंत, डोल जाळ्यांचे खुंट लागतात, आणि रात्री पंख्यात जाळं गुंतणं ही नेहमीची गोष्ट. म्हणून पहिली फेरी दिवसाउजेडीच करा. पहाटे मतलई वाऱ्यात निघायचं आणि दुपारी वारा चढायच्या आत खाडीत. जयगड आणि विजयदुर्ग या जागा आसऱ्याला चांगल्या, त्यांच्यावर मुक्काम बेतता येतो.

मोबाइलची रेंज किनाऱ्यापासून दूर गेलं की धरवत नाही. 25 वॅटचा व्हीएचएफ रेडिओ 16 नंबरच्या चॅनेलवर चालू ठेवा. तटरक्षक दलाचा 1554 आणि सागरी पोलिसांचा 1093 हे क्रमांक चाकाशेजारी ठळक लिहून चिकटवा. बोटीचे कागद नव्या मालकाच्या नावावर करून सोबत ठेवा, सागरी पोलीस विचारतात.

बाणकोट आणि दाभोळच्या मुखाशी वाळूचा दांडा आहे. ओहोटीचं पाणी जोरात बाहेर येतं आणि समोरून लाट येते, तेव्हा तिथे उभ्या, तुटणाऱ्या लाटा तयार होतात, उधाणाच्या दिवसांत तर जास्तच. भांगाचे, म्हणजे भरती-ओहोटी कमी असण्याचे दिवस निवडा, आणि भरती निम्मी चढल्यावर, पाणी अजून वाढत असताना शिरा, म्हणजे चुकून टेकलात तरी तेच पाणी बोट उचलतं. तोंडाशी पोचलात आणि ओहोटी लागलेली असेल, तर बाहेर खोल पाण्यात नाळ (बोटीचं पुढचं टोक) लाटेकडे करून पुढची भरती निम्मी चढेपर्यंत थांबा. तेवढं डिझेल त्या 285 लिटरमध्ये धरलेलं आहे.