बिल्बो कुठे गेला? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुम्ही एवढ्या तळमळीने लिहिलंत, तेव्हा दोन ओळींत तुमची बोळवण करणं बरं नाही. तुमचा मुख्य आक्षेप असा की, ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्ये दिग्दर्शक पीटर जॅक्सनने टॉल्किनच्या पुस्तकात हवे तसे फेरफार केले तेव्हा आम्ही टॉल्किनवाल्यांनी टाळ्या पिटल्या, आणि ‘हॉबिट’मध्ये त्याने तेच केलं तर सोवळं मोडल्यासारखी ओरड सुरू केली. जोडीला आणखी तीन मुद्दे: चित्रपटासाठी नव्याने घडवलेली टॉरिएल ही एल्फ (टॉल्किनच्या जगातल्या अमर जमातीतली) रक्षक नसती, तर एल्फ राणी गॅलाड्रिएलचे मोजके प्रसंग सोडून पडद्यावर सगळे दाढीवालेच दिसले असते; ‘हॉबिट’च्या तिन्ही भागांनी मिळून सुमारे २९० कोटी डॉलर कमावले; आणि मला आवडतात ते जुने चित्रपट नसून माझं तेव्हाचं वय.

वयाचा आरोप मला खोडता येणार नाही, तेव्हा तो राहू दे. कमाई ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चीही साधारण तेवढीच आहे, त्यामुळे या भांडणात पैशाची साक्ष कुणाच्याच कामाची नाही.

आता मूळ मुद्दा. पुस्तकाबरहुकूम असणं हा माझा निकष असता तर मी पहिल्या तीन चित्रपटांवरही रुसून बसलो असतो. पुस्तकात जखमी कथानायक फ्रोडोला न्यायला ग्लॉरफिंडेल नावाचा एल्फ येतो, आणि पुढे त्याला फारसं काही काम उरत नाही. जॅक्सनने तिथे आर्वेन या एल्फ तरुणीला आणलं. एक पात्र कमी झालं आणि जी ॲरागॉर्न या मर्त्य माणसापायी अमरत्वावर पाणी सोडणार, ती पहिल्याच भागात आपल्या ओळखीची झाली. गाणी म्हणत हिंडणारा टॉम बॉम्बाडिल अख्खाच्या अख्खा गाळला. पुस्तकात मला तो प्रिय आहे. चित्रपटात त्याने अर्धा तास गाणी म्हटली असती तर प्रेक्षक घरी गेले असते. पण फॅरामिर या सरदाराचं काय केलं, ते आजही खुपतं. पुस्तकातला फॅरामिर म्हणतो की फ्रोडोजवळची ती मोहात पाडणारी अंगठी वाटेत पडलेली दिसली तरी मी उचलणार नाही. चित्रपटातला फ्रोडोला पकडून ऑस्गिलिअथ शहरापर्यंत फरपटत नेतो. अंगठीचा मोह कुणालाच चुकत नाही हे ठसवायचं होतं, हे पटकथाकारांचं कारण मला कळतं, पटत नाही. तेव्हा टाळ्या पिटताना आमचे डोळे उघडे होते.

‘हॉबिट’चं दुखणं वेगळं आहे. हजाराहून जास्त पानांच्या कथेचे तीन चित्रपट करताना काय गाळायचं, हा प्रश्न असतो. १९३७ साली मुलांसाठी लिहिलेल्या, बिल्बो नावाच्या हॉबिटच्या (छोट्या चणीच्या माणसाच्या) तीनेकशे पानांच्या गोष्टीचे तीन चित्रपट करताना काय घालायचं, हा प्रश्न होतो. ठरले होते दोनच. तिसऱ्याची घोषणा झाली जुलै २०१२ मध्ये, मुख्य चित्रीकरण आटोपल्यावर, पहिला भाग लागायला जेमतेम पाच महिने उरलेले असताना. त्याची शिवण कुठे उसवली ते बघा. दुसरा भाग स्मॉग हा ड्रॅगन गावावर झेपावतो तिथे तुटतो. वर्षभर थांबून तिसऱ्याला जावं, तर नाव पडद्यावर झळकण्याआधीच ड्रॅगन मेलेला! ज्याच्यासाठी एवढी पायपीट केली तो नमनालाच संपला आणि पुढे दोन तास उरले. दुसऱ्या भागाच्या शेवटी वितळलेल्या सोन्याचा तो लांबलचक पाठलागही तसाच. स्मॉगला सोन्याने न्हाऊ घालतात, तो अंग झटकतो आणि उडून जातो. तो प्रसंग काढून टाका, पुढचं काहीही अडत नाही.

या सगळ्यात हरवतो तो बिल्बो. एल्फांच्या कैदेतून सुटण्याचा पिंपांचा प्रसंग घ्या. पुस्तकात बिल्बो सोबतच्या एकेका बुटक्याला (ड्वार्फला) पिंपात कोंबून झाकण लावतो, स्वतः बाहेरून एका पिंपाला चिकटून नदीतून वाहत जातो आणि सर्दीने बेजार होतो. सगळा प्रसंग त्याच्या अकलेचा आणि हालांचा. चित्रपटातही युक्ती त्याचीच, पण झाकणं उघडी, काठावर ऑर्क नावाचे राक्षस, आणि एल्फ लेगोलस बुटक्यांच्या डोक्यांवर पाय देत बाण सोडतोय. बिल्बो त्या गर्दीत कुठे आहे, ते शोधावं लागतं. शेवटच्या लढाईत तर पुस्तकातल्या बिल्बोच्या डोक्यात दगड बसतो आणि तो शुद्धीवर येतो तेव्हा सगळं आटपलेलं असतं. पहिल्या महायुद्धात सोमच्या लढाईत खंदकात राहिलेल्या लेखकाने आपल्या नायकाला ऐन युद्धात आडवं करावं, हा मला योगायोग वाटत नाही. चित्रपटात बिल्बोला फटका बसतो खरा, पण लढाई पाऊण तासाच्या घरात चालते. आमटीत पाणी वाढवलं की मिठाचीही चव राहत नाही, तसं त्या लढाईतल्या मरणांचं झालंय.

टॉरिएलबद्दल मी तुमच्या बाजूचा आहे. पुस्तकात सांगण्याजोगं स्त्रीपात्र नाही, तेव्हा एक घडवलं हे योग्यच झालं. पण घडवून तिला दिलं काय? किली हा बुटका आणि लेगोलस यांच्यामधली ओढाताण. टॉरिएल झालेल्या इव्हँजेलिन लिलीने स्वतः सांगितलंय की प्रेमाचा त्रिकोण नको या अटीवर तिने होकार दिला होता, आणि तो नंतरच्या फेरचित्रीकरणात आला. राजाची आज्ञा मोडून बाहेरच्या जगाची काळजी करणारी रक्षक हे पात्र चांगलं होतं. त्यावर भरवसा नव्हता तो बनवणाऱ्यांचा.

जॅक्सनला काय झालं होतं, असंही तुम्ही विचारलंत. मूळ दिग्दर्शक गिएर्मो देल तोरो २०१० मध्ये बाहेर पडला, आणि जॅक्सनला आधीच्या वेळेसारखी काही वर्षांची तयारी मिळालीच नाही. पूर्ण आराखडा हाती नसताना चित्रीकरण रेटत होतो, हे त्याने पडद्यामागच्या चित्रफितींत मोकळेपणाने सांगितलंय. जादूगार गॅंडाल्फ झालेल्या इयन मॅकेलनला हिरव्या पडद्यासमोर, बुटक्यांचे फोटो लावलेल्या दिव्यांशी एकट्याने संवाद म्हणावे लागले आणि तो रडला, हेही जगजाहीर आहे. माणसं थकलेली होती. पण तिकीट काढणाऱ्याने ते हिशेबात का धरावं?

आणि तरी पहिल्या भागातला गुहेतला कोड्यांचा प्रसंग मी कितीही वेळा बघेन. बिल्बो झालेला मार्टिन फ्रीमन, गॉलम झालेला अँडी सर्किस, अंधार आणि पुस्तकातली कोडी. तलवार गॉलमच्या गळ्याशी आहे, बिल्बो अंगठीमुळे अदृश्य आहे, एक वार की मोकळा. आणि फ्रीमनचा चेहरा हळूहळू बदलत जातो. पुढे फ्रोडोची सगळी गोष्ट त्या न केलेल्या वारावर उभी आहे. इथे घोडे नाहीत की फौजा नाहीत, आणि कुणाला कंटाळाही येत नाही. म्हणजे हे जमत होतं!

म्हणूनच काही चाहत्यांनी तिन्ही भाग कापून चार-साडेचार तासांचा एकच ‘हॉबिट’ केला, त्याचं मला नवल वाटलं नाही. बिल्बो नाही ते प्रसंग शक्य तेवढे काढायचे, एवढीच कात्री. अशा आवृत्तीत टॉरिएल जवळपास दिसतच नाही, त्यामुळे ती आवृत्ती तुम्हाला आवडणार नाही. पण बघा एकदा, मग पुढचं भांडू.