बॉडी किट दुपारभरात बसत नाही

गणपती जवळ आले की बॉडी किटचा, म्हणजे गाडी ऐटबाज दिसावी म्हणून बाहेरून लावायच्या भागांचा, एक मेसेज हटकून फिरायला लागतो. मजकूर साधारण असा: ‘गॅरेजवाल्याला पैसे कशाला देता? युनिव्हर्सल बॉडी किट मागवा, सोबतच्या डबल टेपने घरीच दुपारभरात बसवा. रंगकाम नाही, ड्रिल नाही. मायलेज वाढतं. आरटीओचं लफडं नाही, इन्शुरन्सला कळवायला नको. नको झालं तर हेअर ड्रायर मारून काढून टाका.’ चाकरमानी गाडी घेऊन गावी येणार, चार माणसांत ती उठून दिसावी असं त्याला वाटणारच, त्यामुळे मेसेजला गिऱ्हाईकही भरपूर.

घरी बसवायला माझी काही हरकत नाही. पुढचं लिप (बंपरखालची पट्टी) आणि बाजूचे स्कर्ट (दारांखालच्या पट्ट्या) दोन माणसं अंगणात नीट बसवू शकतात, त्यासाठी गॅरेज लागतंच असं नाही. पण मेसेजमध्ये जी घाई आहे ती पदरचे पैसे घालवणारी आहे, आणि कोकणात तर जास्तच.

‘युनिव्हर्सल’पासून सुरू करू. सगळ्या गाड्यांना बसतं म्हणजे कुठल्याच गाडीला अचूक बसत नाही. प्रत्येक बंपरचा बाक वेगळा. त्यात फायबरचा (काचतंतूचा) भाग साच्यातून निघाल्यावर थोडा आकसतो, पिळतो. म्हणून टेपचा कागद सोलण्याआधी मास्किंग टेपने भाग नुसता लावून लांबून बघायचा. एबीएस प्लॅस्टिक हीट गनने थोडं नरम करून वळवता येतं. फायबर वळत नाही, घासावं लागतं, आणि ती धूळ नाकात जायला नको, म्हणजे मास्क आला. फट राहिली म्हणून टेपच्या जोरावर ओढून बसवलं, तर तो भाग रात्रंदिवस आपल्या मूळ आकाराकडे ओढत राहतो आणि शेवटी टोकाकडून उचलतो.

‘रंगकाम नाही’ हे काळ्या एबीएसच्या किटपुरतं खरं. फायबरवर साच्याचं मेण राहिलेलं असतं. ते धुवा, पेपर मारा, बारीक भोकांत लांबी (पुट्टी) भरा, प्रायमर, रंग, वर लॅकर. पावसाळी दमट हवेत लॅकर मारलं की त्यावर पांढुरकी झाक येते, हे इथला कुठलाही पेंटर सांगेल.

आता टेप. सगळा खेळ इथे आहे. ॲक्रिलिक फोमचा चांगला टेप (थ्रीएमचा व्हीएचबी हा त्यातला सर्वांना माहीत असलेला) खरंच जबरदस्त धरतो, पण लगेच नाही. दाबून बसवल्यावर वीसेक मिनिटांत साधारण ५० टक्के पकड येते, २४ तासांत ९० टक्के, आणि पूर्ण पकड यायला ७२ तास लागतात. चिकटवताना पृष्ठभाग २१ ते ३८ अंशांच्या दरम्यान असलेला बरा. आपल्याकडे थंडीची अडचण नाही, पण मे महिन्यात उन्हात उभ्या काळ्या गाडीचा पत्रा त्याच्या कितीतरी वर जातो. आणि समुद्राकाठच्या गाडीवर खाऱ्या वाऱ्याचा एक थर कायम बसलेला असतो, जो डोळ्यांना दिसत नाही. शॅम्पूने धुतल्यावर मीठ जातं, पण आधी मारलेलं वॅक्स-पॉलिश राहतं. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं-निम्मं घेऊन पुसल्याशिवाय टेप लावण्यात अर्थ नाही. गाडीच्या कडेची न रंगवलेली काळी क्लॅडिंग (प्लॅस्टिकची पट्टी) बहुधा पॉलिप्रॉपिलिनची असते. तिच्यावर टेपचा प्रायमर (पकड वाढवणारं द्रव) लावल्याशिवाय काहीच धरत नाही, आणि किटच्या पाकिटात तो प्रायमर असेलच असं नाही.

मग जुलै-ऑगस्टमध्ये मालवणात किंवा गुहागरात गाडी ७२ तास कोरडी कुठे ठेवणार? मांगरात, म्हणजे शेतावरच्या शेडमध्ये, जागा असेल तर जमेल, तरी पत्र्याला दमटपणा असतोच. गणपतीसाठी किट बसवायचं तर ते मार्च-एप्रिलमध्ये, सकाळी दव उडाल्यानंतर. नाहीतर सरळ दिवाळीनंतर.

‘ड्रिल नाही’ हे वाक्य अर्धं घातक, अर्धं बरोबर. स्विफ्टसारख्या गाडीचं ग्राउंड क्लिअरन्स १६३ मिलिमीटर. पाच माणसं, बॅगा आणि परतीच्या वाटेवर नारळाचं पोतं, की ते आणखी उतरतं. त्यातून लिप चार-पाच सेंटिमीटर खाणार. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो. वाडीच्या तोंडावर लोकांनी स्वतः घातलेल्याला हे माप कुणी सांगितलेलं नसतं. त्यावर घासून लिप एका बाजूने सुटलं तर ते चाकाखाली जातं. म्हणून लिपला खालून, बंपरच्या प्लॅस्टिकच्या काठात स्क्रू हवेतच. प्लॅस्टिक गंजत नाही.

बाजूच्या स्कर्टला मात्र पत्र्यात भोक पाडू नका. दारांखालच्या पोकळ पट्टीत शिरलेलं पाणी बाहेर पडायला कंपनीने खाली छिद्रं ठेवलेली असतात. स्कर्टने ती झाकली, वर जांभ्याचा तांबडा चिखल बसला, की आत ओल कोंडते. ड्रिलने रंग फोडलेला असेल तर गंज तिथूनच सुरू होतो, आणि स्कर्ट वर असल्यामुळे तो दिसतही नाही. भोक पाडणं टळणारच नसेल तर त्याच्या कडेला झिंक प्रायमर, आत पोकळीसाठीचं वॅक्स, आणि मगच क्लिप. शिवाय जॅक लावायची जागा उघडी आहे ना, तेही पाहा. फोंडा घाटात पंक्चर झाल्यावर स्कर्ट तोडायची वेळ येऊ नये. तेच टो-हुकच्या (गाडी ओढून न्यायच्या हुकच्या) झाकणाचं. आणि मागे डिफ्यूझर (मागच्या बंपरखालचा भाग) लावताना पार्किंग सेन्सर झाकू नका.

मायलेज? हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. आंबोलीच्या वळणांवर चाळीसच्या वेगाने जाणाऱ्या गाडीला लिपने काय फरक पडणार? वजन वाढलं, एवढंच.

कायद्याबद्दल मेसेज सरळ खोटा आहे. मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ५२नुसार आरसीवरचा (नोंदणी प्रमाणपत्रावरचा) तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये हेच उचलून धरलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अमध्ये परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही आहे. छोट्या लिपची आरसीवर नोंदच नसते, तेव्हा त्यासाठी कोणी तुरुंगात घालेल असं मी म्हणत नाही. पण फेंडर रुंद करून टायर बाहेर काढले, नंबरप्लेट किंवा दिवे झाकले, गाडीचा रंगच बदलला, तर ‘लफडं नाही’ म्हणणारा सोडवायला येणार नाही.

इन्शुरन्सचंही तसंच. न कळवलेल्या ॲक्सेसरीचे पैसे क्लेममध्ये मिळत नाहीत. कळवून पॉलिसीत घातलं, तरी साध्या पॉलिसीत प्लॅस्टिकच्या भागावर ५० टक्के आणि फायबरच्या भागावर ३० टक्के घसारा कापतात.

राहिलं काढणं. हेअर ड्रायरने टेप नरम होतो हे खरं, पण ओढून काढायचा नाही. गरीची तंगूस (मासे पकडायची नायलॉनची दोरी) मधून घालून करवतीसारखी पुढे-मागे फिरवत फोम कापायचा, उरलेला अंगठ्याने चोळून काढायचा. कंपनीचा रंग बहुतेक टिकतो. बंपर मधे कधी बाहेर रंगवलेला असेल तर टेपबरोबर रंगाचा पापुद्रा निघतो, आणि जुनी गाडी घेतलेल्याला ते आधी कळत नाही. म्हणून किट मागवण्याआधी बंपरच्या खालच्या बाजूला टेपचा बोटभर तुकडा लावून तीन दिवस ठेवा आणि मग काढून बघा.