ऑर्किडची मुळे मातीत पुरू नका

आत्याच्या एकसष्टीला आम्ही भाचरांनी तिला फालेनोप्सिस जातीचे ऑर्किड दिले होते. गेल्या महिन्यात डोंबिवलीला तिच्याकडे गेले, तेव्हा ते गॅलरीत मातीने गच्च भरलेल्या कुंडीत लावलेले दिसले. पाने सुरकुतून लोंबली होती, कुंडीतून कुजकट वास येत होता आणि पाने सुकलेली दिसतात म्हणून आत्या रोज नेमाने आणखी पाणी घालत होती. हे कोणी सांगितले असे विचारल्यावर तिने फोनवरचा एक संदेश पुढे केला. नंतर तोच संदेश मला आमच्या सोसायटीच्या गटात आला आणि एका शाळामैत्रिणीकडूनही आला, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

संदेशातील दावे असे आहेत. दोन भाग लाल माती, एक भाग शेणखत आणि एक भाग वाळू हे ऑर्किडसाठी सर्वोत्तम मिश्रण होय. कुंडीबाहेर आलेली पांढरी मुळे ही वाळलेली मुळे असून ती कापून टाकावीत. ऑर्किड घनदाट जंगलातले असल्याने ते घरातल्या अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवावे. आठवड्याला बर्फाचे तीन खडे घालावेत. फुले गळली की झाडाचे आयुष्य संपते, तेव्हा ते काढून नवे आणावे. शेवटी ‘कृषी तज्ज्ञांचा सल्ला’ असे लिहिले आहे, पण तज्ज्ञ कोण आणि कोठले, याचा पत्ता नाही.

सर्वांत घातक दावा पहिला आहे, कारण त्याने झाड मरते आणि मरेपर्यंत मालकाला कारण कळत नाही. बाजारात भेट म्हणून मिळणारी बहुतेक ऑर्किड, म्हणजे फालेनोप्सिस, डेंड्रोबियम आणि व्हँडा, ही झाडांच्या फांद्यांवर वाढणारी अपिवनस्पती आहेत. आत्याने स्वतः लहानपणी संगमेश्वराकडे आंब्याच्या फांदीवर फुललेली सीतेची वेणी पाहिली आहे. तेही ऑर्किडच असून त्याच्या मुळांना मातीचा कणही लागलेला नसतो. पावसाची सर येते, मुळे भिजतात, वारा सुटतो आणि ती पुन्हा कोरडी होतात. हे भिजणे आणि वाळणे आलटून पालटून घडले तरच ती मुळे निरोगी राहतात.

याचे कारण मुळाच्या रचनेत आहे. या मुळांवर मृत पेशींचे स्पंजासारखे आवरण असते, त्याला व्हेलामेन म्हणतात. पहिल्या पावसाचे, पोषक द्रव्यांनी समृद्ध असलेले पाणी हे आवरण टिपून धरत असावे, असे अनुमान एफ. वेंट या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९४० मध्ये मांडले होते. गेरहार्ड झोट्झ आणि उवे विंकलर यांनी अनेक जातींवर प्रयोग करून २०१३ मध्ये त्याला भक्कम पुष्टी दिली. त्यांना असे आढळले की व्हेलामेन काही सेकंदांत पाणी शोषते, ते बाष्पीभवनाने निघून जायला काही तास लागतात आणि विद्युतभारित पोषक कण त्या आवरणात धरून ठेवले जातात. जे मूळ सेकंदांत पाणी पिते आणि तासांत मोकळे होते, त्याला आठवडाभर ओल धरणाऱ्या मातीची गरज कशासाठी असेल? मातीचे बारीक कण मुळांभोवती चिकटून बसतात, शेणखत उरलेल्या फटीही बुजवते, हवा बंद होते आणि मूळ कुजते. कुजलेले मूळ पाणी ओढू शकत नाही, म्हणून भोवती चिखल असतानाही पाने तहानेने सुरकुततात. आत्याच्या झाडाचे नेमके हेच झाले होते आणि तिने मायेने घातलेल्या प्रत्येक तांब्याने त्यात भरच पडत होती.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमधील बागायतदारांनीही उष्ण देशांतून नेलेली ऑर्किड कुंड्यांत दाबून कोंदट, तापलेल्या काचघरांत ठेवली आणि ती मोठ्या संख्येने मेली. तिथल्याच चॅट्सवर्थ या उमरावी वाड्याचे मुख्य माळी जोसेफ पॅक्स्टन यांनी १८३० च्या दशकात काचघरांत हवा खेळती ठेवली आणि वेगवेगळ्या झाडांसाठी वेगवेगळे तापमान राखले, तेव्हा कोठे झाडे जगू लागली. इतक्या जुन्या आणि महागात पडलेल्या चुकीला आज तज्ज्ञांचा सल्ला म्हणून फिरवले जात आहे, याचा मला खरोखर संताप येतो.

एक गोष्ट मान्य करते. जमिनीत वाढणारी ऑर्किडही असतात. कासच्या पठारावर पावसाळ्यात फुलणारी हॅबेनारिया ही त्यांपैकीच, आणि रोपवाटिकेत ‘ग्राउंड ऑर्किड’ म्हणून मिळणाऱ्या स्पॅथोग्लॉटिसला निचरा होणारी, पालापाचोळ्याची माती चालते. परंतु संदेशात चित्र आहे ते फालेनोप्सिसचे.

पांढऱ्या मुळांचा दावाही तितकाच चुकीचा आहे. कोरडे व्हेलामेन चंदेरी पांढरे दिसते आणि भिजले की त्यातून आतला हिरवा रंग दिसू लागतो, कारण या मुळांत हरितद्रव्य असते. ती कापणे म्हणजे झाडाची सर्वांत निरोगी मुळे तोडणे होय. कापायची ती तपकिरी झालेली, बोटांनी दाबल्यावर पोकळ किंवा लिबलिबीत लागणारी मुळे.

बर्फाच्या बाबतीत मला नाइलाजाने थोडी माघार घ्यावी लागते. अमेरिकेतील ओहायो स्टेट आणि जॉर्जिया या विद्यापीठांतील संशोधकांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आठवड्याला बर्फाचे तीन खडे आणि तितकेच साधे पाणी यांची तुलना केली आणि फालेनोप्सिसची फुले टिकण्याच्या काळात फरक आढळला नाही. मात्र ती झाडे सालीच्या मोकळ्या मिश्रणात होती, मातीत नव्हती. बर्फाने अपाय होत नाही एवढाच याचा अर्थ आहे, आणि आपल्याकडे साधे पाणी असताना बर्फाचा खटाटोप करण्याचे कारण मला दिसत नाही.

अंधाऱ्या कोपऱ्याबद्दल फार लिहायला नको. फांदीवर चढून बसलेले झाड उजेडासाठीच तेथे गेलेले असते. फालेनोप्सिसला पूर्वेकडच्या खिडकीचा सौम्य उजेड पुरतो, तर डेंड्रोबियमला ५० टक्के सावलीच्या जाळीखालचा उजेड हवा. पाने गडद हिरवी होत गेली तर उजेड कमी पडतो आहे, असे समजावे. फुले गळाल्यावर झाड फेकण्याचा सल्ला तर निव्वळ नासाडीचा आहे. फालेनोप्सिस अनेक वर्षे जगते, आणि दिवसाचे तापमान काही आठवडे २६ अंशांच्या आत राहिले की नवा फुलदांडा येतो. म्हणूनच आपल्याकडे तो बहुधा थंडीत दिसतो.

आता मिश्रणाविषयी. मुंबई-ठाण्याच्या दमट हवेत मी निम्मे लाकडी कोळशाचे तुकडे आणि उरलेल्या निम्म्यात विटांचे व नारळाच्या सोडणाचे तुकडे सारखे घेते, सगळे सुपारीएवढे. सोडणात क्षार असतात, म्हणून ते तीन-चार दिवस रोज पाणी बदलून भिजवावे. बारीक कोकोपीट त्याऐवजी वापरू नये, कारण तेही मातीसारखेच ओल धरून बसते. पुण्याच्या कोरड्या हवेत सोडणाचे प्रमाण वाढवावे. साधारण दोन वर्षांत सोडण कुजू लागते, तेव्हा मिश्रण बदलावे. व्हँडाला यांपैकी काहीच लागत नाही, लाकडी टोपलीत मुळे मोकळी सोडली तरी पुरे. शेणखताऐवजी पाण्यात विरघळणारे १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेले) खत लिटरला अर्धा ते एक ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा द्यावे.

आत्याचे झाड आम्ही त्याच दिवशी मातीतून काढले. सगळी माती धुतल्यावर तीन मुळे शाबूत निघाली. कुजलेली मुळे निर्जंतुक कात्रीने कापली, कापलेल्या जागी दालचिनीची पूड लावली आणि झाड जाळीदार कुंडीत, कोळसा-विटांच्या मिश्रणात, सावलीत ठेवले. आता आत्या मुळे चंदेरी दिसली तरच पाणी घालते आणि पानांच्या मधोमध पाणी साचू देत नाही. काल तिने फोटो पाठवला. सर्वांत खालच्या पानाच्या बुडाशी हिरव्या टोकाचे एक नवे मूळ फुटले आहे.