आधी मिळकत, मग पोटगी

डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका घटस्फोटात पत्नीला १२ कोटी रुपये कायमची पोटगी मंजूर केली. त्याच निकालात असंही बजावलं की, नवऱ्याच्या संपत्तीशी बरोबरी साधण्यासाठी पोटगी मागता येणार नाही. त्यानंतर आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर, पुण्यातल्या आणि इथल्या अमेरिकेतल्याही, कित्येक दिवस वाद चालला. कुणी बायकांना लोभी ठरवलं, कुणी नवऱ्यांना निर्दयी. संसार चालू असताना उभी राहिलेली मिळकत मुळात कुणाची, हे मात्र कुणी विचारलं नाही. माझ्या मते सुरुवात तिथूनच व्हायला हवी.

मी कॅलिफोर्नियात बे एरियात राहते आणि लोकांचे टॅक्स भरून देते. संसार मोडला की त्याचे आकडे माझ्यापर्यंत येतात. इथला कायदा असा: लग्न झाल्यापासून वेगळं होईपर्यंत दोघांपैकी कुणीही कमावलेला डॉलर दोघांचा. खातं एकाच्या नावावर असलं, घराचा दस्त एकाच्या नावावर असला, तरी सहसा फरक पडत नाही. लग्नाआधीचं, वारशाने आलेलं आणि भेट मिळालेलं ते ज्याचं त्याचं. अमेरिकेतल्या ९ राज्यांत अशी पद्धत आहे. टेक्सासमध्येही आहे, पण तिथे न्यायाधीश न्याय्य वाटेल तशी वाटणी करतात. कॅलिफोर्नियात सरळ निम्मं. न्यू जर्सीतल्या मराठी मंडळींना हे लागू नाही, तिथे सगळं तोलूनमापून ठरतं.

निम्मं म्हटलं की सोपं वाटतं. आमच्याकडच्या घरांत तसं नसतं, कारण पैसा बँकेत कमी आणि कंपनीच्या शेअर्समध्ये जास्त. लग्न टिकून असताना मिळालेले शेअर्स चार वर्षांत हप्त्याहप्त्याने हातात येतात. मधेच दोघं वेगळे झाले, तर त्या काळातला किती भाग संसारातला आणि किती नंतरचा, याचं कोर्टाने ठरवलेलं गणित आहे. म्हणून वेगळं झाल्याची तारीख लाखमोलाची ठरते. एकाने लग्न संपवायचा निर्णय सांगितला आणि वागणंही त्याला धरून असलं, की ती तारीख धरली जाते. २०१७ पासून तर एका छपराखाली राहूनही वेगळं होता येतं. कर्जाचंही तेच. नवऱ्याने परस्पर क्रेडिट कार्डावर चढवलेलं कर्ज बायकोच्याही हिश्श्यात येऊ शकतं.

सगळ्यात जास्त फसगत होते ती सारख्या दिसणाऱ्या आकड्यांत. समजा, कर्ज वजा जाता घरात दोघांचे ४ लाख डॉलर आहेत आणि नवऱ्याच्या ४०१-के या निवृत्तीच्या खात्यातही ४ लाख. मुलांची शाळा बदलायला नको म्हणून ती घर ठेवते, तो निवृत्तीचं खातं. कागदावर बरोबरी झाली. पण त्या खात्यातून पैसे काढताना त्याला कर भरावा लागेल. तिच्या वाट्याला घराचा कर, विमा आणि कर्जाचा हप्ता आला, आणि पगार नसेल तर बँक तिच्या एकटीच्या नावावर कर्ज करून देणार नाही. शिवाय घर विकताना जोडप्याला ५ लाख डॉलरपर्यंतच्या नफ्यावर मिळणारी सूट एकटीला अडीच लाखांपर्यंतच मिळते. कोर्ट असा पुढचा अंदाजी कर सहसा धरत नाही. म्हणून सही करण्याआधी दोन्ही बाजू करानंतर किती उरतं ते मांडून पाहा, असं मी प्रत्येकाला अगदी कळकळीने सांगते.

आपल्या लोकांचा खरा गुंता भारतात असतो. इथल्या पगारातून बाणेरला घेतलेला फ्लॅटही दोघांचाच. कॅलिफोर्नियातलं कोर्ट पुण्यातल्या दस्तावरचं नाव बदलू शकत नाही, पण इथल्या वाटणीत त्याची किंमत धरू शकतं. फ्लॅट सासऱ्यांच्या किंवा दिराच्या नावावर असेल तर प्रकरण फार किचकट होतं. इथे एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते: सामाईक पैसा दुसऱ्याच्या लेखी संमतीशिवाय कुणाला बक्षीस देता येत नाही. आईवडिलांना पैसे पाठवणं हे आपलं कर्तव्यच आहे, ते कुणी थांबवावं असं मी म्हणत नाही. पण भावाच्या बंगल्यासाठी गुपचूप गेलेल्या रकमेचा हिशेब उद्या मागितला जाऊ शकतो. दागिन्यांचंही असंच. माहेरहून आलेलं सोनं तिचंच. नवऱ्याने लग्नानंतर घेतलेला भारी हार मात्र लेखी काही नसेल तर दोघांचा धरला जाऊ शकतो.

लपवाछपवीला हे राज्य फार कठोर आहे. दोघांनाही सगळ्या मिळकतीचं शपथेवर विवरण द्यावं लागतं. लॉस एंजेलिसच्या एका बाईने १९९६ च्या शेवटी लॉटरीत सुमारे १३ लाख डॉलर जिंकले, नवऱ्यापासून लपवले आणि लगेच घटस्फोटाचा अर्ज केला. पुढे ते उघड झालं, तेव्हा कोर्टाने ती सगळी रक्कम नवऱ्याला दिली, आणि २००१ मध्ये अपिलातही तेच कायम राहिलं. भारतातही २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोघांनी मिळकतीचं शपथपत्र देणं बंधनकारक केलं, पण ते पोटगीच्या दाव्यासाठी. वाटून घ्यायला सामाईक मिळकतच नसेल, तर त्या शपथपत्राने बायकोच्या मालकीचं काहीच होत नाही.

इथलं सगळं उत्तम आहे असं मात्र नाही. एच-४ व्हिसावर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसाच्या आधारावर आलेली, स्वतःची नोकरी सोडून आलेली मुलगी घटस्फोट झाला की इथे राहण्याचा तो आधारच गमावते. निम्मं घर तिचं असतं आणि त्या घरात राहायचा परवाना नसतो. कमाईची वर्षं वाया गेली त्याची भरपाई निम्म्या वाटणीने होत नाही. म्हणूनच कॅलिफोर्नियात वाटणीनंतर पोटगीचा वेगळा विचार होतो, आणि घर सांभाळण्यासाठी तिने काम सोडल्याने कमावण्याची क्षमता किती घटली हे न्यायाधीशांना पाहावंच लागतं. लग्नाला १० वर्षं पूर्ण होत आली असतील तर आणखी एक गोष्ट तपासावी. १० वर्षं भरली, तर उतारवयात पूर्वीच्या जोडीदाराच्या नोंदीवर सोशल सिक्युरिटी, म्हणजे सरकारी निवृत्तिवेतन मागता येतं, आणि त्यामुळे त्या जोडीदाराच्या रकमेत काही कमी होत नाही.

आता घरचा वाद. हा विचार परका आहे असं महाराष्ट्राने म्हणू नये. शेजारच्या गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून नवरा-बायकोची मिळकत सामाईक मानली जाते. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर वारशाचंही त्यात येतं आणि दुसऱ्याच्या सहीशिवाय घर-जमीन विकता येत नाही. आयकर खातंही तिथल्या जोडप्याचं घरभाडं निम्मं-निम्मं मोजतं, पगार तेवढा ज्याचा त्याचा. आणि खुद्द महाराष्ट्रात १९९० च्या सुमारास शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची हाक दिली, तेव्हा हजारो शेतकऱ्यांनी आपण होऊन बायकोच्या नावावर जमीन केली. बांधावर राबणाऱ्या बाईचा सातबाऱ्यावर हक्क आहे हे त्यांना पटलं होतं.

मुलाच्या आईवडिलांची भीती मला कळते: आयुष्यभराची पुंजी घालून फ्लॅट घेतला आणि दोन वर्षांत निम्मा गेला तर? त्यासाठी गोव्याचा वारशासकटचा नियम न घेता कॅलिफोर्नियाचा घ्यावा. त्यांनी मुलाला दिलेलं मुलाचं राहील. लग्नानंतर दोघांच्या संसारात जे कमावलं गेलं, हप्ते फेडले गेले, तेवढंच सामाईक. कमावती बायको असेल तर तिचीही मिळकत त्यात येईल, आणि कमी कमावणाऱ्या नवऱ्याला त्याचा हिस्सा मिळेल.

नवऱ्याच्या मिळकतीत पत्नीला वाटा देऊ पाहणारं विधेयक राज्यसभेने २०१३ मध्ये मंजूर केलं होतं. लोकसभेची मुदत संपली आणि ते बारगळलं. ते पुन्हा आणताना किती द्यायचं हे न्यायाधीशांच्या मर्जीवर सोडू नये. लग्नानंतरच्या कमाईत दोघांचा निम्मा-निम्मा हक्क, शपथेवर पूर्ण विवरण, आणि लपवलेल्या मिळकतीवरचा हक्क जाण्याची तरतूद, एवढं त्यात स्पष्ट लिहिलेलं असावं. पोटगी किती, हा प्रश्न त्यानंतरचा.