परीक्षेला फूल गैरहजर

नोटीस बोर्डावर प्रॅक्टिकलची तारीख लागली, की पोरं जर्नल पूर्ण करायला पळतात आणि मी कळ्या मोजायला. बडोद्यात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या बाईच्या पर्समध्ये हरितगृहाची किल्ली असली, की तिला मुंजीच्या पंगतीतूनही उठवता येतं. फोनवर माळीभाई एवढंच म्हणतात, "बेन, पंखो बंध थई गयो." मग जिलबी तशीच पानात राहते.

परीक्षेला लागतं तरी काय? आठ-दहा वनस्पतिकुळं आणि मुलागणिक प्रत्येकाची दोन फुलं. एक उभं कापायला आणि एक आधीचं आडवं कापलं गेलं म्हणून. साठ मुलं म्हणजे एका कुळाची 120 फुलं, तीही सकाळी अकराला ताजी.

नोव्हेंबरअखेरच्या परीक्षेसाठी मोहरी हवी असेल तर उलटी मोजणी करायची. पेरणीपासून फुलापर्यंत साधारण 40 ते 45 दिवस, म्हणजे ऑक्टोबरच्या पूर्वार्धात बी पडलं पाहिजे. सगळं बी एकदम पेरायचं नाही. आठवड्याच्या अंतराने तीन हप्ते पाडायचे, भिशीसारखे. एक उन्हात होरपळतो, एकावर मावा ही कीड पडते आणि एक आपल्याला लागतो. मावा दिसला तर लिटरभर पाण्यात 5 मिली निंबोळी तेल आणि ते पाण्यात मिसळावं म्हणून 1-2 मिली साबणाचं द्रावण. फवारणी संध्याकाळीच. दुपारी फवारलंत तर मावा वाचतो आणि पानं भाजतात.

पण ऑक्टोबरातलं खरं संकट मावा नाही, गरबा आहे.

पॉइन्सेटिया, म्हणजे नाताळात कुंड्यांतून लाल दिसणारं झाड. ते लाल व्हायला सलग अंधार लागतो. रोज जवळपास 14 तास, आठ ते दहा आठवडे. 'सलग' हा शब्द महत्त्वाचा. हे झाड दिवस मोजत नाही, रात्र मोजतं, आणि मध्येच कुणी पाच-दहा मिनिटं ट्यूबलाइट लावली तरी त्याच्या लेखी ती रात्र बाद. आता बडोद्याला नवरात्रात सलग अंधार कुठून आणायचा? शेजारच्या मैदानावरचे दिवे आमच्या हरितगृहावर असे पडतात, की झाडांनाच पास घेऊन आत सोडावंसं वाटतं. उपाय आहे. लोखंडी सळ्यांची चौकट, त्यावर दुहेरी काळं कापड, संध्याकाळी पाचला घालायचं आणि सकाळी सातला काढायचं. कापड फटीशिवाय जमिनीला टेकलं पाहिजे. काढायला विसरलात तर आत उकडून पानं गळतात, घालायला विसरलात तर डिसेंबरात झाड हिरवंगार, तब्येतीने ठणठणीत आणि परीक्षेला निरुपयोगी. एवढं सगळं करून जे लाल होतं ते फूल नव्हेच, ती पानं. खरी फुलं मधल्या पिवळ्या-हिरव्या वाट्यांत, आणि युफोर्बिएसी या त्याच्या कुळाचे मार्क त्या वाटीला. मुलं लाल पानाचं सुंदर चित्र काढतात.

मांसाहारी मंडळींचं, म्हणजे किडे खाणाऱ्या झाडांचं, कपाट वेगळं. यांना खत चालत नाही, नळाचं पाणी चालत नाही. पाण्यात विरघळलेले क्षार 50 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 50) आत हवेत, आणि आमच्या बोअरच्या पाण्याने किटलीलाही पांढरे थर चढतात. पावसाचं पाणी पिंपात साठवलेलं सर्वांत उत्तम, पण ते होळीपर्यंत संपतं. नंतर साहेबांच्या केबिनमधल्या एसीच्या नळीखाली बादली ठेवायची. ते हवेतली वाफ निवून झालेलं पाणी, क्षार जवळजवळ शून्य. त्यामुळे ड्रॉसेराची, म्हणजे पानांवरच्या चिकट दवबिंदूंनी किडे धरणाऱ्या झाडाची, तब्येत साहेबांच्या हजेरीवर अवलंबून असते. साहेब आठवडाभर दौऱ्यावर गेले की दवबिंदू मलूल.

सापळ्यासारख्या पानांत किडे पकडणाऱ्या व्हीनस फ्लायट्रॅपचे हाल वेगळे. वीसेक सेकंदांत आतल्या केसांना दोनदा स्पर्श झाला तरच सापळा मिटतो. पावसाच्या एखाद्या थेंबापायी उगाच कष्ट नकोत, असा झाडाचा हिशेब. नुसताच मिटलेला सापळा उघडायला दिवसभर लागू शकतो आणि असे मोजके खेळ झाले की तो काळा पडतो. साठ मुलं, प्रत्येकाच्या हातात पेन्सिल. "बेन, एकदाच" असं प्रत्येकजण म्हणतो आणि प्रत्येकजण खरंच एकदाच करतो. शिवाय या झाडाला तीनेक महिने थंडीची झोप लागते, आणि बडोद्याची थंडी म्हणजे स्वेटर कपाटातून काढेपर्यंत संपणारी. म्हणून काही जण कुंडी फ्रीजमध्ये ठेवतात. आम्हीही ठेवतो, विभागाच्या दुधाच्या पिशवीमागे. शिपाई फ्रीज पुसायला काढतो तेव्हा झाडाचा वसंत होतो.

उत्तरायणात आमच्या प्लास्टिक फिल्मच्या छतावर पतंग पडतात, पतंगांमागे मुलं आणि मांज्याचे काप. सेलोटेप लावू नका, उन्हात महिन्याभरात सुटते. पॉलिफिल्मची खास उन्हाला टिकणारी टेप मिळते. भेग दोन्ही बाजूंनी पुसून कोरडी करून, तीही दोन्ही बाजूंनी लावायची.

मे महिना पंख्यांचा. एका भिंतीला ओला पुठ्ठ्याचा पॅड, समोरच्या भिंतीला पंखे. बाहेर 42 अंश असताना आत 30च्या आसपास येतं, कारण कोरड्या हवेत पाणी झपाझप वाफ होतं. हाच कारखाना जुलैत चालवून पाहा: हवा आधीच भिजलेली, त्यामुळे एक-दोन अंश उतरतात आणि आवाज तेवढा पुरा. पॅडवर क्षार चढतात म्हणून टाकीतलं थोडं पाणी सतत काढून नवं भरायचं, आणि संध्याकाळी पंप आधी बंद करून पंखे वीसेक मिनिटं चालू ठेवायचे, म्हणजे पॅड सुकतो नि शेवाळ धरत नाही. माळीभाईंना हे सांगितलं की ते "थई जशे" म्हणतात. त्याचा अर्थ 'होईल' असा आहे. कधी, ते वाक्यात नसतं.

आणि याच सुट्टीत, विद्यार्थ्यांचा मागमूस नसताना, सुरण फुलतो. हिवाळाभर जमिनीत गप्प बसलेला कंद एक दिवस वांग्याच्या रंगाचं हातभर प्रकरण बाहेर काढतो आणि सगळ्या विभागात उंदीर मेल्याचा वास सुटतो. शिपाई कपाटं सरकवतात. साहेब पत्र लिहायला घेतात. उंदीर नाही, हे पटवण्यात अर्धा दिवस जातो. वास माश्या-भुंग्यांसाठी आहे: आधी तळाची मादी फुलं तयार होतात, तेव्हा दुर्गंध जोरात, वरच्या नरांचे पराग त्यानंतर. दोन दिवसांत सगळं आटपतं, तोवर कुंडी ओढून झाडाखाली नेऊन ठेवावी. मी खिडकीसारखा काप देऊन फूल टिकवायला बरणीत घालते: 70 टक्के अल्कोहोल 90 मिली, ग्लेशियल अॅसिटिक आम्ल 5, फॉर्मेलिन 5. त्यात रंग उतरतो. नोव्हेंबरात मुलं त्या बरणीखाली 'मशरूम' लिहितात.

पावसाळ्यात ब्रह्मकमळ. म्हणजे आपण ज्याला आरती करतो ते. खरं ब्रह्मकमळ हिमालयातलं, सूर्यफुलाच्या कुळातलं, आणि हे निवडुंग. लोंबणारी कळी वर मान वळवून फुगली की एक-दोन रात्रींत उमलणार. रात्री नऊला सुरुवात, मध्यरात्री पूर्ण, सकाळी उकडलेल्या शेवयांचा गुच्छ. आमचं फाटक सातला बंद होतं. मुलांना दरवर्षी शेवया दिसतात.

रिक्सिया (जमिनीलगतची चपटी, बिनफुलांची वनस्पती) याच दिवसांत पायवाटेवर, नको तिथे, रांगोळीसारखा पसरतो. परीक्षेसाठी तो उचलून ट्रेमध्ये लावला की रुसतो.

तर यंदा सगळं जमलं होतं. मोहरी पिवळी, पॉइन्सेटियाला काळ्या कापडाखाली लाली येऊ लागलेली. नोटीस आली: परीक्षा पंधरा दिवस पुढे. पंधरा दिवसांनी मोहरीला शेंगा होत्या. शेवटी जास्वंद, जी बाराही महिने असते आणि जिचं पुष्पसूत्र, म्हणजे फुलाच्या भागांची सांकेतिक मांडणी, पोरांना शाळेपासून पाठ. कुंपणाची साधी जास्वंद आदल्या दिवशी गणपतीसाठी कुणीतरी खुडून नेलेली. माळीभाईंनी नर्सरीतून टपोऱ्या दुहेरी जास्वंदी आणल्या, ज्यांत बऱ्याचशा पुंकेसरांच्या पाकळ्या झालेल्या असतात.

पहिल्या बाकावरचा मुलगा पाकळ्या तोडत, मोजत होता. एकोणतिसाव्या पाकळीला त्याने माझ्याकडे पाहिलं.