किंग्ज रोडचा मॉरिसी आणि डोंबिवलीचा ग्रुप

डोंबिवलीच्या आमच्या शाळेतल्या मित्रांच्या ग्रुपवर एक भांडण दर दोन-तीन महिन्यांनी नव्याने पेटतं. कुणीतरी गायक किंवा नट राजकारणावर काहीतरी बोलून बसतो. मग अर्धे म्हणतात, याचं आता काही ऐकायचं नाही. उरलेले म्हणतात, "अरे, गाणं ऐक ना, माणूस कसा का असेना." मी मँचेस्टरला असल्यामुळे माझं मत 'तिकडे बसून बोलायला काय जातं' या खात्यात जमा होतं. बहुतेक वेळा ते बरोबरही असतं. या विषयावर मात्र इथे बसून बोलणं जड जातं, आणि त्याला कारण मॉरिसी नावाचा इथलाच एक गायक.

मी राहतो स्ट्रेटफर्डला. ओल्ड ट्रॅफर्डचं मैदान जवळच आहे (तेच, जिथे 2019 मध्ये धोनी रनआउट झाला, विषय काढू नये). इथल्याच किंग्ज रोडवर स्टीव्हन मॉरिसी वाढला. आईवडील डब्लिनहून आलेले. वडील हॉस्पिटलात पोर्टर, आई लायब्ररीत. 1982 मध्ये 18 वर्षांचा जॉनी मार नावाचा गिटारवाला त्याच्या दारावर येऊन थडकला आणि 'द स्मिथ्स' हा बँड उभा राहिला. पाच वर्षं, चार अल्बम, खेळ खलास. पण तेवढ्यात या माणसाने, मागच्या खिशात ग्लॅडिओलसच्या दांड्या खोचून नाचत, लाजाळू, बेकार, कुठेच न बसणाऱ्या पोरांना हक्काची जागा करून दिली. मी इथे आलो त्या पहिल्या हिवाळ्यात, दुपारी चारलाच अंधार पडायचा तेव्हा, हॉस्पिटलच्या लॅबमधल्या एका सहकाऱ्याने मला स्मिथ्सचा 'द क्वीन इज डेड' हा अल्बम ऐकायला दिला. त्यात प्रेयसीशेजारी बसून डबलडेकरखाली मरायला निघालेला एक प्रेमवीर आहे. मला बेस्टची डबलडेकर आठवली आणि मी एकटाच खोलीत हसत सुटलो. तेव्हापासून हा गायक माझा.

बँड फुटल्यावर 1988 मध्ये त्याचा पहिला एकट्याचा अल्बम आला, 'व्हिवा हेट'. थेट पहिल्या क्रमांकावर. त्यात उंच टाचांचे बूट घालून इथल्यांसारखं दिसू पाहणाऱ्या एका बंगाल्यावर गाणं आहे. सूर अगदी मायेचा, आणि सांगणं असं की बाबा रे, इथलेच असलेल्यांनाही जगणं कठीण आहे, तुझा कुठे निभाव लागणार? चाहते म्हणतात, ते त्याचं मत नव्हे, एका पात्राचा आवाज आहे. असेलही. मी ते पहिल्यांदा ट्राममध्ये ऐकलं आणि नकळत स्वतःच्या बुटांकडे बघितलं.

पुढे पात्राची सबब हळूहळू उरली नाही. 2007 मध्ये त्याने एका मुलाखतीत स्थलांतरितांमुळे इंग्लंड हरवल्याची खंत बोलून दाखवली. डब्लिनहून आलेल्या पोर्टरच्या मुलाने! 2019 मध्ये 'फॉर ब्रिटन' या अतिउजव्या पक्षाचा बिल्ला कोटाला लावून तो अमेरिकी टीव्हीवर गायला, तेव्हा कार्डिफच्या 'स्पिलर्स' या 1894 पासूनच्या रेकॉर्डच्या दुकानाने त्याचे अल्बम विकणंच बंद केलं.

मध्यंतरी तो लेखकही झाला. 2013 चं आत्मचरित्र पेंग्विनने थेट 'क्लासिक्स' मालिकेत काढलं, म्हणजे ग्रीक महाकवी होमरच्या मांडीला मांडी लावून. सुरुवातीचं मँचेस्टर आणि तिथल्या शाळांतली मारझोड, ही पानं खरोखर अव्वल आहेत. मग बँडच्या ड्रमरने 1996 मध्ये पैशाच्या वाट्यावरून जिंकलेल्या खटल्याचं रडगाणं सुरू होतं, ते संपता संपत नाही. 2015 मध्ये आलेली कादंबरी, 'लिस्ट ऑफ द लॉस्ट', मी लायब्ररीतून आणली. रिले शर्यतीत धावणारे चार अमेरिकी तरुण आणि त्यांना लागलेला शाप. शंभर-सव्वाशे पानांची, पण पळताना धाप आम्हालाच लागते. त्या वर्षीचं सर्वांत वाईट प्रणयवर्णनाचं बक्षीस तिनेच पटकावलं. गाण्यात तीन मिनिटांची मर्यादा होती आणि जॉनी मारची गिटार लगाम खेचून होती. कादंबरीत 'बास कर रे' म्हणणारं कुणी नव्हतं.

तर, कला वेगळी आणि कलाकार वेगळा. हे मी करून पाहिलं, जमलं नाही. ज्याच्याबद्दल गायक बोलत नाही, त्याला ते जमतं.

आणि इथेच माझी गोची होते. 2025 च्या पावसाळ्यात मीरा रोडला मराठीवरून एका दुकानदाराला मारहाण झाली, तो व्हिडिओ ग्रुपवर आला. महाराष्ट्रात राहणाऱ्याने मराठी शिकावी, हे मला आजही पटतं. इथली नोकरी मिळवायला मी पदरचे पैसे भरून इंग्रजीची परीक्षा दिली आणि त्यात मला अपमान वाटला नाही. पण व्हिडिओखाली एकाने भाजीवाल्या भय्याच्या मराठीची नक्कल टाकली. ती नक्कल मूळची माझी. कॉलेजात असताना कल्याण लोकलमध्ये मी ती करायचो आणि अख्खा डबा हसायचा. लॅबमध्ये एक जण माझ्या 'व्हेरी वेल'ची नक्कल करतो. तीही चांगली जमते त्याला.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कल्याण-डोंबिवली पालिकेने स्वातंत्र्यदिनी मांसविक्री बंद ठेवल्यावरून गदारोळ झाला. स्वतःच्या कार्यक्रमाच्या आवारात मांस शिजू न देणाऱ्या मॉरिसीला आयुक्त नेमा, असं मी सुचवलं. कुणालाच कळलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात ग्रुपमधला 'बहिष्कार'वाला मित्र इकडे आला. त्याला सॅलफर्ड लॅड्स क्लबला नेलं. 'द क्वीन इज डेड'च्या आतल्या फोटोत बँड उभा आहे तो याच विटांच्या इमारतीसमोर. 2024 च्या शेवटी पोरांसाठीचा हा 1904 चा क्लब पैशाअभावी बंद पडायला आला होता. अडीच लाख पौंड हवे होते, त्यातले 50 हजार मॉरिसीने दिले. मी हे सगळं सांगितलं, बिल्ल्यासकट. मित्र म्हणाला, "मग आपण इथे आलोय कशाला?"

मी उत्तर जुळवत होतो, तेवढ्यात शेजारच्या जोडप्याने फोटो काढाल का विचारलं. लॉस एंजेलिसची मेक्सिकन मंडळी. त्यांच्यात मॉरिसीचे भक्त फार. मित्राने फोन हातात घेतला आणि त्यांना दोन पावलं मागे सरकवलं, वरची क्लबची पाटी पूर्ण यावी म्हणून.